वृत्तपत्रांच्या पुरवण्या आणि सोबतची नियतकालिके : नागपूरच्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, पुणे किंवा दिल्लीहून चालणारी आणि नागपुरात छापली जाणारी दैनिके असोत, की नागपुरातच जन्मलेली असोत, त्यांच्याबरोबर आठवडाभर काही ना काही पुरवणी येत असते. या पुरवण्यांविषयी वाचक, नवे लेखक, ग्रंथालयांतील कर्मचारी आणि पत्रकारितेचे विद्यार्थी जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पुरवणी हा अंकाचाच भाग असतो. मात्र तिचे वेळापत्रक, तिचा खर्च आणि तिचे आयुष्य मुख्य अंकापेक्षा वेगळे असते. एवढे ध्यानात ठेवले, तर पुढच्या बऱ्याच गोष्टी समजायला सोप्या जातात.

पुरवणी म्हणजे नेमके काय? त्याच समूहाचे साप्ताहिक किंवा पाक्षिक तिच्यापेक्षा वेगळे कसे?

पुरवणीला स्वतःची किंमत नसते. ती दैनिकाच्या त्या दिवसाच्या अंकाबरोबरच मिळते, तिच्यावर त्याच दैनिकाचे नाव आणि त्याच दिवसाची तारीख असते, आणि ती सुटी विकली जात नाही. टपालाने जाणाऱ्या वृत्तपत्रांच्या संदर्भात १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याने पुरवणीची व्याख्याच करून ठेवली होती : पुरवणीतला सगळा किंवा बहुतांश मजकूर वृत्तपत्राच्या स्वरूपाचा असावा, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर वृत्तपत्राचे नाव व तारीख छापलेली असावी, तरच तिला वृत्तपत्राचा भाग मानले जाई. आजही कोणतीही पुरवणी हातात घेतली की पानाच्या वरच्या कडेला बारीक अक्षरांत वार, तारीख आणि दैनिकाचे नाव दिसते.

साप्ताहिक किंवा पाक्षिक हे स्वतंत्र प्रकाशन असते. त्याची नोंदणी वेगळी, किंमत वेगळी आणि वर्गणीही वेगळी. मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे छापण्याचे बंधन १८६७ च्या कायद्यापासून चालत आले. त्या कायद्याची जागा नियतकालिकांच्या नोंदणीसाठी २०२३ मध्ये संमत झालेल्या नव्या कायद्याने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. ‘लोकप्रभा’ हे लोकसत्ताच्या समूहाचे साप्ताहिक होते, ‘साप्ताहिक सकाळ’ सकाळच्या समूहाचे. ‘द हिंदू’च्या समूहाने १९७८ मध्ये ‘स्पोर्टस्टार’ आणि १९८४ मध्ये ‘फ्रंटलाइन’ सुरू केले. ही सारी नियतकालिके दैनिकाच्या घरातली असली, तरी दैनिकाबरोबर आपोआप दारात पडणारी नव्हेत. पेपरवाल्याला अशी नियतकालिके वेगळी सांगावी लागतात आणि महिनाअखेरच्या बिलात त्यांची ओळ वेगळी असते.

काही वेळा पुरवणीचेच पुढे स्वतंत्र नियतकालिक होते. लंडनच्या ‘द टाइम्स’ने जानेवारी १९०२ मध्ये वाङ्मयीन पुरवणी सुरू केली आणि १९१४ पासून ती वेगळी विकली जाऊ लागली. तिच्या नावात मात्र ‘पुरवणी’ हा शब्द अजून कायम आहे.

दैनिकाबरोबर पुरवणी देण्याची पद्धत कोठून आली?

रविवारी वाचकाला सवड असते आणि त्या दिवशी बातम्या कमी असतात, या दोन गोष्टींतून ती आली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे रविवारचे मासिक सप्टेंबर १८९६ मध्ये निघाले आणि पुढच्याच महिन्यात त्याच दैनिकाने पुस्तक परीक्षणांची पुरवणी काढली. ब्रिटनमध्ये ‘संडे टाइम्स’ने ४ फेब्रुवारी १९६२ रोजी पहिली रंगीत पुरवणी दिली. दैनिक अंक तेव्हा काळ्या-पांढऱ्या छपाईत असे. ज्या जाहिरातदारांना आपला माल रंगांत दाखवायचा होता, त्यांना या पुरवणीमुळे जागा मिळाली, आणि दोनच वर्षांत ‘ऑब्झर्व्हर’ व ‘टेलिग्राफ’ यांनीही तोच मार्ग धरला.

मराठीत या पद्धतीला वेगळे वळण लागले, आणि माझ्या मते ते अधिक मोलाचे आहे. आपल्याकडे पुरवणी प्रामुख्याने वाङ्मयाच्या अंगाने वाढली. मासिकांची परंपरा भक्कम होती. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून वाचकांना वार्षिक मेजवानीची सवय लावली होती. पुढे अनेक मासिके आर्थिक ओढाताणीत बंद पडत गेली, तसा त्यांच्यातला लेख, कविता, ललित, परीक्षण आणि प्रवासवर्णन हा सारा ऐवज दैनिकांच्या रविवारच्या पानांकडे आला. नागपुरात तर ग. त्र्यं. माडखोलकरांसारखा कादंबरीकार आणि समीक्षक १९४४ पासून १९६७ पर्यंत ‘तरुण भारत’चा संपादक होता. संपादकच साहित्यिक असला, की साहित्याला अंकात हक्काची जागा मिळते, हे विदर्भाने जवळून पाहिले आहे. लोकसत्ताची ‘लोकरंग’ आणि ‘चतुरंग’, सकाळची ‘सप्तरंग’, लोकमतची ‘मंथन’, महाराष्ट्र टाइम्सची ‘संवाद’, नागपूर तरुण भारतची ‘आसमंत’ ही नावे घराघरांत ओळखीची झाली ती याच वळणामुळे.

रविवारच्या पुरवणीत शुक्रवारी घडलेल्या मोठ्या घटनेचा उल्लेख का नसतो?

कारण बहुतेक वेळा ती पुरवणी तोवर छापून झालेली असते. छपाईचे यंत्र रात्री मुख्य अंकासाठी लागते. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडे जाणारी डाक आवृत्ती आधी छापायची, मग नागपूर शहराची, आणि हे सारे गाड्या वेळेवर निघतील अशा बेताने उरकायचे, यात पुरवणीसाठी वेळ उरत नाही. म्हणून पुरवणी दिवसा, यंत्र मोकळे असताना, एक-दोन दिवस आधीच छापून ठेवतात. त्याआधी पाने लावणे, मुद्रितशोधन, छायाचित्रांची निवड आणि जाहिरातींच्या जागा ठरवणे आलेच. रविवारच्या अंकासाठीचा मजकूर साधारणपणे बुधवार-गुरुवारपर्यंत हातात असावा लागतो. त्यानंतर एखादी मोठी व्यक्ती निवर्तली, तर तिच्यावरचा लेख मुख्य अंकाच्या पानांत येतो आणि पुरवणीतला सविस्तर लेख पुढच्या आठवड्यावर जातो.

याचा एक अवघड परिणाम पुरवणीच्या टेबलावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. पुरवणीत ज्येष्ठ कलावंताची मुलाखत छापून गठ्ठे बांधले गेलेले असतात आणि शनिवारी त्या कलावंताच्या निधनाची बातमी येते. छापलेले मागे घेता येत नाही. अशा वेळी मुख्य अंकात बातमी आणि पुरवणीत ‘सध्या ते नव्या नाटकाच्या तयारीत आहेत’ असे वाक्य, ही विसंगती वाचकाला खटकते आणि त्याचे खटकणे रास्तच असते. पण त्यामागे बेफिकिरी नसून वेळापत्रक असते. जी वृत्तपत्रे अशा प्रसंगी मुख्य अंकात ‘पुरवणी आधीच छापली गेली होती’ असा दोन ओळींचा खुलासा देतात, त्यांचा मला आदर वाटतो.

पुरवणीची पाने चार, आठ, सोळा अशीच का असतात? एखादे पान वाढवता येत नाही का?

वेब ऑफसेट यंत्रावर कागदाचे अखंड रीळ फिरते. पूर्ण रुंदीच्या रिळावर मोठ्या आकाराची दोन पाने शेजारी-शेजारी बसतात आणि मागच्या बाजूला आणखी दोन, म्हणजे एकूण चार. तेच दुमडून टॅब्लॉइड, म्हणजे निम्म्या आकाराचे, केले की आठ पाने होतात. अर्ध्या रुंदीचे रीळ लावून मोठ्या आकाराची दोन पाने वाढवता येतात, पण एकच पान वाढवणे शक्य नसते.

रंगीत पानाला निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार प्लेटा, म्हणजे छपाईचे पत्रे, लागतात. सोळा टॅब्लॉइड पानांची पुरवणी म्हणजे मोठ्या आकाराची आठ पाने, आणि ती सगळी रंगीत असली तर ३२ प्लेटा. पुरवणी उजेडात धरून कडेला किंवा घडीजवळ पाहिले, तर या चार रंगांचे बारीक ठिपके किंवा अधिक (+) चिन्हासारख्या खुणा सापडतात. यंत्रावरचा कारागीर भिंगातून त्याच खुणा पाहून रंग एकमेकांवर नीट बसले की नाही हे तपासतो. ते केसभर सरकले, तरी छायाचित्रातल्या चेहऱ्याला दुहेरी कडा येतात.

गुळगुळीत कागदाच्या पुरवणीची शाई हाताला लागत नाही, साध्या पुरवणीची लागते, याचेही कारण यंत्रातच आहे. वर्तमानपत्री कागदावरची शाई उष्णतेने वाळवली जात नाही. ती कागदात मुरते, आणि पूर्ण मुरेपर्यंत बोटांना लागते. गुळगुळीत कागद शाई पीत नाही, म्हणून तो कागद छापल्यावर भट्टीतून नेऊन वाळवावा लागतो. त्यासाठी वेगळे यंत्र आणि जास्त खर्च लागतो, आणि म्हणूनच अशा पुरवण्या सणासुदीला, जाहिराती भरपूर असताना निघतात.

पुण्याच्या नातेवाइकांनी पुरवणीतला लेख वाचला, तो नागपूरच्या अंकात का नाही?

अनेक आवृत्त्या असलेल्या दैनिकात दोन प्रकारच्या पुरवण्या असतात. रविवारची वैचारिक किंवा वाङ्मयीन पुरवणी सहसा मुख्य कार्यालयात तयार होते, तिची पाने संगणकावरून सर्व केंद्रांकडे जातात आणि नागपूरची प्रत नागपूरजवळच छापली जाते. ही पुरवणी सगळीकडे जवळजवळ सारखी असते. जवळजवळ अशासाठी, की स्थानिक जाहिरात आली तर एखादा छोटा लेख किंवा पत्र नागपूरच्या पानातून गळते. दुसरी शहर पुरवणी. ती त्या-त्या शहरातच तयार होते आणि बहुधा त्या शहरापुरतीच वाटली जाते. नागपूरच्या शहर पुरवणीतले नाट्यपरीक्षण पुण्यात दिसणार नाही. भंडाऱ्याच्या वाचकालाही ते बरेचदा मिळत नाही, कारण त्याच्याकडे जिल्ह्याची पाने जातात.

ही दुसरी विभागणी मला मनापासून खटकते. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर एखादा चांगला लेख गडचिरोलीच्या पानात येतो आणि नागपुरातल्या नाट्यप्रेमीला त्याचा पत्ताही लागत नाही. अशा वेळी ई-पेपरमध्ये दुसरी आवृत्ती निवडून पाहावी. बहुतेक दैनिकांच्या ई-पेपरमध्ये आवृत्ती आणि पुरवणी स्वतंत्रपणे निवडता येते.

पेपर मिळाला, पण पुरवणी आत नव्हती. तक्रार कोणाकडे करावी?

पहिल्यांदा विक्रेत्याला विचारावे आणि त्याच दिवशी विचारावे, कारण दुसऱ्या दिवशी उरलेल्या प्रती परत जातात किंवा रद्दीत निघतात. पुरवणी अंकात कशी येते हे कळले, की ती कुठे राहून गेली असेल याचा अंदाज येतो. आधी छापलेल्या पुरवण्यांचे गठ्ठे वेगळे येतात आणि मुख्य अंकाचे गठ्ठे पहाटे वेगळे. वितरण केंद्रावर, म्हणजे बर्डीवर किंवा वस्तीतल्या एखाद्या बंद दुकानाच्या ओट्यावर, विक्रेते आणि त्यांच्याकडची पोरे मांडी घालून बसतात. डाव्या हाताने मुख्य अंकाची घडी उघडायची, उजव्या हाताने पुरवणी आत सारायची आणि अंक बाजूला रचायचा, हे काम दिव्याच्या अपुऱ्या उजेडात झपाझप चालते. रविवारी एकाच अंकात दोन-दोन पुरवण्या आणि वर दुकानाचे एखादे पत्रक असले, तर प्रत्येक अंक तीनदा हाताळावा लागतो. गाडी उशिरा आली की शाळा-कॉलेजच्या वेळेआधी वाटप संपवायची घाई होते आणि काही अंक पुरवणीवाचून जातात. कधी कधी पुरवण्यांचा गठ्ठाच मोजणीत कमी भरतो.

विक्रेत्याकडे प्रत शिल्लक नसेल, तर दैनिकाच्या वितरण विभागाला तारीख, पुरवणीचे नाव आणि वस्ती कळवावी. अंकाची किंमत मोजताना आपण पुरवणीचीही किंमत मोजलेली असते, त्यामुळे संकोच करण्याचे कारण नाही. मात्र वारंवार तेच होत असेल, तर राग पेपर टाकणाऱ्या मुलावर काढू नये.

सुटीच्या दिवशी पुरवणी चुकली तर पुढच्या दिवशी मिळते का?

दिवाळी, होळी, स्वातंत्र्यदिन यांसारख्या सुट्यांमुळे दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही. त्या दिवशीची पुरवणी कधी पुढे ढकलतात, कधी त्या आठवड्यापुरती गाळतात. आदल्या दिवशीच्या अंकात याची सूचना छापलेली असते.

अलीकडे पुरवण्या पातळ का झाल्या, आणि काही बंदच का पडल्या?

वाचकाने दिलेल्या किमतीत अंकाचा कागदसुद्धा पुरता निघत नाही. उरलेला खर्च जाहिरातींतून भागतो. मुख्य अंक आखडता येत नाही, म्हणून पैशाची ओढाताण झाली की कात्री पहिल्यांदा पुरवणीवर चालते.

मार्च २०२० नंतर हे ठळकपणे दिसले. टाळेबंदीत दुकाने, चित्रपटगृहे, शिकवण्या आणि प्रवास बंद झाल्याने पुरवण्यांना जगवणाऱ्या जाहिरातीच थांबल्या. एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारने वृत्तपत्रांच्या घरोघरी वितरणाला मनाई केली, तेव्हा पत्रकार संघटनांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागितली. अंकांची पाने घटली, पुरवण्या मुख्य अंकाच्या एका पानात सामावल्या गेल्या, आणि त्यातल्या कित्येक पुढे स्वतंत्र रूपात परतल्याच नाहीत. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धामुळे कागदाचा पुरवठा विस्कळीत होऊन भाव भडकले, तो दुसरा फटका.

वर्तमानपत्री कागदाचा मोठा वाटा भारत आयात करतो, त्यामुळे जहाजभाडे, डॉलर आणि आयात शुल्क या तिन्ही गोष्टी आपल्या रविवारच्या पानांपर्यंत पोहोचतात. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात या कागदावर दहा टक्के आयात शुल्क लावले गेले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते पाच टक्क्यांवर आणले गेले. देशात वर्तमानपत्री कागद करणारी पहिली गिरणी नेपानगरची. पंडित नेहरूंनी एप्रिल १९५६ मध्ये ती राष्ट्राला अर्पण केली, तेव्हा नेपानगर ज्या मध्य प्रदेशात होते, त्याची राजधानी नागपूर होती, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नसते.

पुरवणीतला लेख आहे की जाहिरात, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, असे मला वाटते. पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमीपासून स्पष्टपणे वेगळा दिसला पाहिजे, असा भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या पत्रकारितेच्या निकषांचा आग्रह आहे. प्रत्यक्षात पानाच्या कोपऱ्यात ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘अ‍ॅडव्हर्टोरियल’, ‘मीडिया इनिशिएटिव्ह’ असे शब्द अगदी बारीक टायपात असतात, आणि घाईत वाचणाऱ्याचे तिकडे लक्ष जात नाही.

तेव्हा पानाचा माथा आधी पाहावा. त्यावर दैनिकाच्या नावाआधी किंवा नंतर वरीलपैकी एखादा शब्द आहे का, हे तपासावे. लेखाला लेखकाचे नाव आहे का, की नुसतेच ‘प्रतिनिधी’ आहे, हे पाहावे. लेखाच्या शेवटी दूरध्वनी क्रमांक आणि पत्ता असेल, सगळे कौतुकच असेल, एकही आक्षेप किंवा दुसऱ्या बाजूचे मत नसेल, आणि त्याच पानाच्या खालच्या पट्ट्यात त्याच संस्थेची जाहिरात असेल, तर तो लेख पैसे देऊन आलेला आहे असे समजून वाचावे. गुढीपाडवा आणि दसऱ्याच्या आसपास घरबांधणीच्या पुरवण्या, मे-जूनमध्ये शिकवणी वर्ग आणि प्रवेशांच्या पुरवण्या आणि वर्षभर अधूनमधून रुग्णालयांची पाने यांत हा प्रकार जास्त आढळतो. फ्लॅटसाठी आयुष्याची पुंजी घालणाऱ्या किंवा मुलाच्या प्रवेशासाठी कर्ज काढणाऱ्या माणसाने अशा पानाला बातमीचा मान देऊ नये.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. चीनच्या ‘चायना डेली’ या सरकारी दैनिकाची ‘चायना वॉच’ नावाची पैसे देऊन घातलेली पुरवणी ‘वॉशिंग्टन पोस्ट’सारख्या नामांकित दैनिकाबरोबरही वाटली जात असे.

मला पुरवणीसाठी लेख पाठवायचा आहे. सुरुवात कोठून करावी?

ज्या पुरवणीला लिहायचे आहे, तिचे मागचे निदान दोन महिन्यांचे अंक वाचावेत. कोणत्या दिवशी काय येते, लेख किती लांबीचे असतात, कोणती सदरे ठरलेल्या लेखकांची आहेत, हे त्यातून कळते. सर्वसाधारण लेख आठशे ते हजार शब्दांत बसतो. पंधराशे शब्द पाठवून ‘आपण काटछाट करावी’ असे लिहिणे म्हणजे आपल्या लेखावरचा पहिला हक्क आपणच सोडणे होय.

मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असावा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात केलेली फाइल समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की निरर्थक अक्षरांची रास होऊन उघडते, आणि उपसंपादकाकडे ती उलगडत बसायला वेळ नसतो. छायाचित्रे मजकुरात चिकटवू नयेत. ती मूळ आकारात वेगळी जोडावीत आणि ती कोणी काढली हे लिहावे. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेले छायाचित्र पडद्यावर ठीक दिसते, छापल्यावर मात्र धुरकट येते.

तिथी-सणांचे लेख तीन-चार आठवडे आधी पोहोचावेत. तान्हा पोळा किंवा मारबतीच्या मिरवणुकीवरचा लेख पोळ्याच्या आठवड्यात पाठवला, तर तो कितीही चांगला असला तरी वर्षभर थांबतो. आणि नागपूरच्या लेखकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मुंबई-पुण्याच्या पुरवणीला आवडेल म्हणून आपल्या लेखातले विदर्भाचे तपशील पुसून टाकू नयेत. ताडोबाच्या वाटेवरचे गाव, कामठीचे विणकर, संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहाराचा हिशेब, महालातल्या वाड्यांची रचना, हे दुसरे कोणी लिहू शकणार नाही, आणि चांगला पुरवणी संपादक नेमके तेच शोधत असतो.

एकच लेख एकाच वेळी दोन दैनिकांना पाठवू नये. तीन-चार आठवड्यांत उत्तर आले नाही, तर एक नम्र स्मरणपत्र लिहावे आणि त्यानंतर लेख दुसरीकडे पाठवत असल्याचे कळवून मोकळे व्हावे.

छापून आलेल्या लेखाचा हक्क कोणाकडे राहतो? पुढे तो पुस्तकात घेता येतो का?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक त्या वृत्तपत्राचा नोकर असेल आणि वेगळा करार नसेल, तर वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाकडे जातो, इतर बाबतींत तो लेखकाकडेच राहतो. बाहेरून लिहिणाऱ्या लेखकाचा हक्क त्याने लेखी करार करून दिल्याशिवाय जात नाही. करार केला आणि त्यात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षांची मानतो. प्रदेश लिहिला नसेल, तर तो भारतापुरता धरला जातो.

म्हणून मानधनाच्या पावतीवर किंवा ई-मेलमध्ये आलेल्या अटींवर सही करण्यापूर्वी त्या शेवटपर्यंत वाचाव्यात. ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ असेल, तर पुस्तकाचा हक्क स्वतःकडे ठेवण्याची विनंती लेखी करावी. पुस्तकात लेख घेताना मूळ प्रसिद्धीची तारीख आणि पुरवणीचे नाव द्यावे, तो साधा शिष्टाचार आहे.

दैनिकांचे दिवाळी अंक पुरवणीत मोडतात का?

नाही. लोकमतचा ‘दीपोत्सव’ किंवा इतर दैनिकांचे दिवाळी अंक स्वतंत्र किंमत देऊन घ्यावे लागतात. त्यांच्यासाठीचे लेखन उन्हाळा संपता-संपताच सुरू झालेले असते.

विशेष पुरवण्या केव्हा निघतात?

दैनिकाचा वर्धापनदिन, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन, निवडणुका आणि अर्थसंकल्प हे ठरलेले प्रसंग. नागपूरपुरते सांगायचे तर सर्वांत जपून ठेवण्याजोगी पाने धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास येतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षाभूमीवरील सोहळ्याचे साक्षीदार, तेव्हाचे स्वयंसेवक, गावोगावहून चालत आलेली कुटुंबे यांच्या आठवणी गेली अनेक वर्षे अशा पानांतून छापल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक आठवणी पुस्तकरूपात कधी आल्याच नाहीत. त्या बोलून दाखवणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. ज्यांच्या घरी अशी जुनी पाने असतील, त्यांनी ती रद्दीत देण्यापूर्वी ग्रंथालयाला किंवा एखाद्या अभ्यासकाला दाखवावीत, ही कळकळीची विनंती.

कात्रणे वर्षानुवर्षे टिकवायची असतील तर काय करावे?

वर्तमानपत्री कागद लाकडाचा लगदा यंत्राने दळून केलेला असतो आणि त्यात लिग्निन हे लाकडातले द्रव्य राहते. उजेड आणि हवा लागली की ते कागदाला पिवळे आणि ठिसूळ करते. त्यामुळे पहिला नियम अंधाराचा. कात्रणे बंद कपाटात, सपाट आणि घडी न घालता ठेवावीत, कारण कागद आधी घडीवर तुटतो.

नागपूरच्या हवेत आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि आपण खोलीत कूलर लावतो. कूलरचा ओलावा ज्या भिंतीवर बसतो, त्या भिंतीच्या कपाटात कात्रणांची फाइल ठेवली, तर कोरड्या उन्हाळ्यातही कागद दमट होतो आणि पावसाळा लागताच त्याला बुरशी आणि कसर धरते. फाइल ओलावा न बसणाऱ्या भिंतीला किंवा वेगळ्या खोलीत ठेवावी, जमिनीला टेकलेल्या फडताळात वाळवीच्या भीतीने ठेवू नये.

चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांनी तिचा डिंक तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. लॅमिनेशनही करू नये, कारण प्लॅस्टिकच्या आत कागदातले आम्ल तसेच राहते आणि ते आवरण पुन्हा काढता येत नाही. मजकूर महत्त्वाचा असेल, तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढावी आणि स्कॅनही करून ठेवावा. आणि कात्रण कापण्यापूर्वी कडेला पेन्सिलीने दैनिकाचे नाव, आवृत्ती, पुरवणीचे नाव आणि तारीख लिहावी. तारीख पानाच्या माथ्यावर असते आणि आपण लेख कापतो तेव्हा माथा वगळला जातो. अनेक चांगल्या संग्रहांची किंमत या एका कारणाने निम्म्यावर आली आहे.

चुकलेल्या किंवा फार जुन्या पुरवण्या कोठे पाहायला मिळतील?

अलीकडच्या वर्षांसाठी ई-पेपरचा संग्रह सोयीचा असतो, मात्र किती मागे जाता येते हे प्रत्येक दैनिकागणिक बदलते. त्याआधीच्या अंकांसाठी दैनिकाच्या कार्यालयातील संदर्भ विभाग किंवा बांधीव अंक ठेवणारी ग्रंथालये पाहावीत. प्रकाशकांनी पुस्तकांच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्याव्यात असा कायदा १९५४ मध्ये झाला आणि १९५६ मध्ये तो वृत्तपत्रांनाही लागू करण्यात आला. त्यामुळे कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईतील टाऊन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय येथे शोध घेणे फायद्याचे ठरू शकते. बांधणी करताना काही ठिकाणी फक्त मुख्य अंक बांधला जातो आणि पुरवणी गळते, म्हणून लांबचा प्रवास करण्यापूर्वी पत्र पाठवून खात्री करून घ्यावी. ग्रंथपालांना माझी विनंती आहे की अंक बांधायला देताना पुरवण्या त्या-त्या तारखेच्या अंकातच ठेवाव्यात.

जुन्या पुरवण्यांच्या कागदात खाद्यपदार्थ बांधणे योग्य आहे का?

योग्य नाही. छपाईच्या शाईतले घटक गरम आणि तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी त्याला मनाई केली आहे. ठेल्यावर तर्री-पोहे किंवा भजी रंगीत पुरवणीच्या तुकड्यावर मिळाली, तर प्लेट मागून घ्यावी.

पुरवणीत चुकीची माहिती किंवा बदनामीकारक मजकूर आला, तर दाद कोठे मागावी?

आधी संपादकाला लेखी कळवावे. पुरवणीचे नाव, तारीख, पान आणि नेमके वाक्य नमूद करून त्यात काय चूक आहे हे पुराव्यासह सांगावे. पुरवणीचा संपादक वेगळा असला, तरी अंकावर ज्याचे नाव संपादक म्हणून छापलेले असते, त्याची जबाबदारी पुरवणीलाही लागू असते, त्यामुळे पत्र त्याच्या नावे असावे. दुरुस्ती पुढच्या आठवड्याच्या त्याच पुरवणीत, मूळ मजकूर ज्या वाचकांनी वाचला त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी यावी, एवढी मागणी करणे रास्त आहे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिक आणि साप्ताहिकाच्या बाबतीत ती प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते, इतर नियतकालिकांसाठी ही मुदत चार महिन्यांची आहे. पुरवणी आठवड्यातून एकदाच येत असली, तरी ती दैनिकाचा भाग असल्याने तिला दोन महिन्यांचीच मुदत धरावी. तक्रारीसोबत संपादकाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती आणि मूळ पान जोडावे लागते, म्हणून आक्षेपार्ह मजकूर दिसताच ते पान तारखेसह बाजूला काढून ठेवावे.